कर्जतचं न कापलेलं लुगडं

नाताळच्या सुट्टीत कोण कुठे जाऊन आलं, याची शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी चर्चा रंगली. कोणी महाबळेश्वरची थंडी खाऊन आल्या होत्या, कोणी नाशिकला गोदावरीत डुबकी मारून. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "कर्जत."

"म्हणजे ते नेरळजवळचं? हवा छान असते म्हणे."

"ते नव्हे. नगर जिल्ह्यातलं."

"अगं बाई! तिथे काय आहे?"

"गोधड्या," मी म्हटलं, आणि सगळ्या शिक्षिकांनी माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर माझी मलाच कीव आली. पण क्षणभरच. जे बघून आले ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि मधल्या सुट्टीची घंटा तर बोलायला तोंड उघडलं की होते. म्हणून हे सगळं लिहूनच काढते आहे.

आधी माझ्या वेडाविषयी

मी मुलींच्या शाळेत शिवण आणि चित्रकला शिकवते. ही दोन्ही एका डोक्यात राहायला लागली की त्यांची गोधडीच व्हायची. आपल्याकडे हाताला येतील त्या चिंध्या जमतील तशा जोडतात. मी आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढते, रंग भरते, चार रात्री त्यावर झोपते आणि मग कापडाला हात लावते. शाळेच्या चिंचेवर एकदा मोहोळ लागलं होतं, त्यावरून मला सहा कोनी तुकड्यांची गोधडी सुचली. बाहेर गडद रंग, आत येत येत फिके, आणि अगदी मधलं घर पांढरं. तुकडे एकसारखे यावेत म्हणून प्रत्येकाच्या आत कागद घालायचा, कापडाच्या कडा त्यावर दुमडून कच्चा टाका घालायचा, आणि तुकडे एकमेकांना जोडून झाले की कागद काढून घ्यायचा. ही युक्ती जगात मीच शोधून काढली असं समजून मी काही दिवस हवेत होते. मग मिशनच्या शाळेतल्या एक गोऱ्या बाई म्हणाल्या की त्यांची आजीसुद्धा असंच शिवायची. मी जमिनीवर आले. रंगांची मांडणी मात्र माझीच होती, ती काही त्यांच्या आजीला सुचली नव्हती!

दुसरं वेड नमुने वाटण्याचं. जांभळ्या शाईने चित्र काढायचं, जिलेटिनवर त्याचा छाप उठवून प्रती काढायच्या, खाली सूचना लिहायच्या आणि ओळखीपाळखीच्या बायकांना पोस्टाने धाडायच्या. आमचे यजमान म्हणतात, "लोकांच्या घरून लग्नपत्रिका जातात, आमच्या घरून चिंध्यांची पत्रकं." म्हणतात खरे, पण तिकिटं तेच आणून देतात. मी कधी न पाहिलेल्या बाईने माझ्या डोक्यातली गोधडी माझ्यावाचून शिवावी, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. ऐकायला लहान वाटते, पण करून बघा.

तर दिवाळीनंतर कमलचं पत्र आलं. कमल माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. तिचे यजमान कर्जतला मास्तर आहेत. तिने लिहिलं होतं: "इथे हौसा नावाची मुलगी आहे. माघात तिचं लग्न आहे. आई ती रांगत असतानाच गेली, विधवा आत्याने वाढवली. इकडे मुलगी सासरी जाताना माहेरची गोधडी नेते, आणि ती आईने शिवायची असते. लढाईमुळे कापड तर कंट्रोलवर, परमिटाशिवाय मिळत नाही. घरात धड असं एकच लुगडं आहे, तिच्या आईचं. आत्याला तुझा मोहोळाचा नमुना फार आवडला आहे, गावातल्या बायकांनाही शिकायचा आहे. ये. पण जपून कर हो, चुकलं तर दुसरं लुगडं नाही."

पत्र वाचून होतं न होतं तोच मी पिशवी भरायला घेतली.

पारनेर

वाटेत पारनेरला थांबायचं ठरवलं, कारण तिथे माझी महत्त्वाकांक्षा पुरी झाली होती! आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या मावशीने, तुळसाबाईंनी, माझा मोहोळाचा नमुना पाहून आख्खी गोधडी शिवली होती. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी मला. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने सुप्यापर्यंत आणलं, तेवढ्यात माझ्या पांढऱ्या पातळाचं राखी पातळ झालं होतं. पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना खडकाळ माळ, मध्येच बाजरीची कापून झालेली रानं, आणि वारा असा की डोक्यावरचा पदर हाताने धरून बसावं लागलं.

तुळसाबाई ओट्यावर उभ्याच होत्या. पाणी दिलं, गूळ दिला आणि घरातून गोधडी आणून माझ्यापुढे झटकून पसरली. मी ओरडलेच. माझं मोहोळ! गडद निळ्या-तांबड्यापासून आत फिकं होत गेलेलं, मधलं घर पांढरं, टाके माझ्यापेक्षा बारीक. पुण्यात माझ्या टेबलावर काढलेलं चित्र इथे पारनेरच्या ओट्यावर उन्हात पडलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या बाईंना मिठी मारली. त्या बिचाऱ्या संकोचून दाराकडे बघायला लागल्या.

"तुमीच काडलं व्हय हे चित्तर? मला वाटलं कुनी मोठी बाई आसंल," त्या म्हणाल्या. माझी उंची पाहून असं म्हणणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत.

मग त्यांनी रांगता नातू आणून गोधडीवर निजवला. तो वळला आणि गोधडी कुरकुरली. तो पुन्हा वळला, पुन्हा कुरकुर. आत उंदीर आहे की काय, म्हणून मी पाय वर घेतले.

"तुळसाबाई, हा आवाज कसला?"

"कागुद न्हवं का! तुमीच लिवलंय, कागुद आत घालून शिवायचं."

"अहो, पण जोडून झाल्यावर तो काढायचा असतो!"

"काडायचा? मंग घालायचा कशापायी?"

मी पिशवीतून नमुन्याची प्रत काढली. जांभळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं, कागद आत ठेवून टाका घालावा. तो काढावा असं मात्र कुठेही नव्हतं! लिहिणारीच्या डोक्यात असलेलं वाचणारीच्याही डोक्यात असतं, असं मी धरून चालले होते.

"कसला कागद घातलात?"

"गेल्या सालचं पंचांग. दोन-तीन हुती पडून. समदं साल हाय बघा ह्येच्यात. हे प्वार आत्ता निजलंय न्हवं, डोकं दिवाळीत आनि पाय आखाडात."

मी हसून हसून ओट्याच्या खांबाला टेकले. त्याही हसल्या. मग मी काळजीने म्हटलं की धुतली की आतल्या कागदाचा लगदा होईल.

"व्हऊ द्या की. साल सपलंच हाय त्येचं," त्या म्हणाल्या, आणि आत भाकरी थापायला गेल्या.

जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं, लसणाचा लालभडक ठेचा आणि ताक. आमच्या पुण्यात पाहुण्याला "आणखी वाढू का?" असं विचारतात, आणि तो नको म्हणेल अशा सुरात विचारतात. तुळसाबाईंनी विचारलंच नाही. ताटात भाकरी संपत आली की दुसरी येऊन पडायची. ठेच्याने डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी पिठल्यावर कच्चं तेल ओतलं आणि म्हणाल्या, "आता खावा, काय व्हत न्हाई." खरंच काही झालं नाही.

केडगाव

नगरच्या अलीकडे केडगावला आमच्या मावससासूबाई असतात, त्यांच्याकडे मुक्काम. तिथे बसून मी जवळच्या सगळ्या प्रतींवर हाताने एक ओळ वाढवली: तुकडे जोडून झाले की कागद काढून घ्यावा. मावशींनी नमुना आलटून पालटून बघितला. "आम्ही चिंध्यांची गोधडी करतो, तू चिंध्यांचा नकाशा करतेस," असा शेरा मारला, आणि मग हळूच एक प्रत आपल्या उशीखाली सरकवली. मी न पाहिल्यासारखं केलं.

सकाळी नगरच्या कापडबाजारात लाल दोरा शोधत हिंडले. दुकानांत फळ्या अर्ध्या रिकाम्या. "पांढरा आहे, काळा आहे, लाल मागू नका," असं तीन दुकानदारांनी सांगितलं. घरी येऊन मी कुरकुरत बसले होते, तेव्हा मावशींनी कपाटातून भरतकामाच्या लाल दोऱ्याची लडी काढून माझ्या मांडीवर टाकली. स्वराज्य आलं की दोरा मुबलक मिळेल, अशी त्यांची खात्री आहे. तोवर ही लडी पुरवून वापर म्हणाल्या.

कर्जत

नगरहून दक्षिणेला उतरलं की माळ संपतो आणि काळं रान सुरू होतं. आणि मग ज्वारी. दोन्ही बाजूंना, नजर पोचेल तिथवर, माणसाच्या डोक्यावर गेलेली, कणसात दाणा भरत आलेली ज्वारी! मी मोटारीच्या खिडकीला नाक लावून बसले होते. हिरव्याच्या इतक्या छटा मी माझ्या रंगांच्या पेटीतून कधी काढू शकले नाही.

कमल मोटारतळावर आली होती. अकरा वर्षांत पक्की कर्जतकरीण झालेली कमल, तोंडात दर वाक्याला "लई". घरी हुलग्याची शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळवटं लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवलेली. थंडीत ती वाटी दोन्ही हातांत धरून प्यायची. पुण्याला हुलगे घोड्याला घालतात, असं मी म्हणायला गेले आणि वाटीतलं संपवून पुन्हा वाटी पुढे केली. कमल नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्यांच्या घरी गेलो. राधाआत्या म्हणजे काटक, उंच, कपाळ मोकळं, अंगावर विटकं निळं लुगडं आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. आधीच दहा-बारा बायका अंगणात जमल्या होत्या. इकडे गोधडीला वाकळ म्हणतात. मी चिंध्यांवर आधी मोहोळ शिकवायला घेतलं.

"मधल्या घरापासून सुरुवात करायची," मी सांगितलं, "आणि बाहेर बाहेर जायचं."

बायकांनी मान डोलावली, मांडलेल्या चिंध्यांच्या चारही बाजूंना बसल्या आणि काठापासून शिवायला लागल्या.

"अहो, मधून!"

"बाई, मधी बसायचं कुठं? वाकळंवर?" शेजारची सोनाबाई म्हणाली, आणि सगळं अंगण फिदीफिदी हसलं. त्यांचं बरोबरच होतं. पुण्यात मी एकटी टेबलाशी बसून शिवते. इथे वाकळ एकटी बाई शिवत नाही. चौघी चार अंगांना बसतात, काठापासून आत शिवत येतात, गप्पा मारतात आणि मध्यावर चौघींच्या सुया भेटतात. माझ्या मोहोळाला या बसण्यात जागाच नव्हती. तरी मी हट्टाने शिकवत राहिले, कारण मी तेच शिकवायला आले होते.

मग आत्यांनी पत्र्याची पेटी उघडून लुगडं आणलं. गर्द हिरवं, हातभर रुंद पदर, दोन्ही अंगांना लाल काठ. नऊ वारांचं ते लुगडं अंगणात उलगडलं तेव्हा बायकांनी हातातल्या सुया खाली ठेवल्या. हौसा भिंतीशी बसून होती. सोळा-सतरा वर्षांची, सावळी, बोलायला कंजूस. मी खडूने सहा कोनी खुणा केल्या, पिशवीतून कात्री काढली आणि काठावर टेकवली.

हौसा उठली, आली आणि लुगड्यावर मांडी घालून बसली.

"अगं उठ!" आत्या.

"कातर लावायची न्हाई."

"वाकळ काय अशीच हुती व्हय? बाई पुन्याहून आल्यात."

"येऊ द्यात. कातर लावायची न्हाई."

आत्यांचा आवाज चढला. "लोक काय म्हनतील? आई न्हाई म्हनून पोरगी उघडी धाडली? दुसरं धड कापड हाय का घरात? का तुझ्या मामलेदारानं परमिट धाडलंय?"

हौसा खाली बघत म्हणाली, "आईचं तोंड मला याद न्हाई. हे लुगडंच हाय. ह्येचं तुकडं केलं तर मी आई कुनाला म्हनू?"

मी आत्यांकडे पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. त्या क्षणात त्यांचा चेहरा उतरला. मग "चूल इझली वाटतं" असं काहीतरी म्हणत त्या आत गेल्या. चूल इझली नव्हती, धूर तर दारातून दिसत होता.

मला काय करावं ते कळेना. कात्री लावली तर या पोरीची आई जाते, आणि न लावली तर ती सासरी रिकाम्या हातांनी जाते. माझं ते मोहोळ, त्याच्या त्या गोड छटा, सगळं मला एकदम नकोसं झालं. कात्री मी पिशवीत टाकली. "उठ बाळ. घडी करून ठेव पेटीत," मी म्हटलं.

हौसा उठली. रागातच होती. लुगड्याचं एक टोक धरून तिने ते मागे-पुढे, मागे-पुढे असं भराभरा घडीवर घडी टाकायला सुरुवात केली. पण राग हातात उतरलेला, त्यामुळे एकही घडी दुसरीवर नीट बसेना. प्रत्येक चार बोटं एकाच अंगाला सरकलेली. शेवटची घडी पदराची पडली आणि मी जागच्या जागी ओरडले, "थांब! हात लावू नको!"

सगळ्या दचकल्या. कमलला वाटलं विंचू निघाला.

"बघा! बघा ना!"

सरकलेल्या प्रत्येक थराचा लाल काठ वरच्या थराखालून डोकावत होता. हिरवी पायरी, लाल कड. पुन्हा हिरवी पायरी, पुन्हा लाल कड. वर पदर. एका बाजूने बारवेत उतरणाऱ्या पायऱ्याच! मी घडी उलटी केली, तर दुसऱ्या अंगाला दुसऱ्या काठाच्या तशाच पायऱ्या. दोन्ही अंगांनी सुलटी, आणि कात्रीचा एक घाव नाही! मला इतकं सुचत गेलं की जीभ अडखळायला लागली. घड्या पुरुषभर लांबीच्या टाकायच्या, थरांच्या मध्ये घरातलं एखादं फाटकं धोतर घालायचं म्हणजे ऊब येईल, आणि लाल दोऱ्याने काठाला धरून धावदोरा घालायचा. शिवायचं कुठून? काठापासून आत! चार अंगांना चौघी बसून!

"म्हंजी आमच्यावानीच," सोनाबाई म्हणाली.

"तुमच्यासारखंच," मी म्हटलं, आणि सगळ्या जणी पुन्हा हसल्या. आत्या दारात येऊन उभ्या होत्या. "बरं दिसतंय," एवढंच बोलल्या.

हौसाने वाकून काठाला बोट लावलं. "न्हाई ना कापायचं?"

"न्हाई कापायचं," माझ्याही तोंडातून तसंच आलं.

मग कामाला काय धार आली! रोज दुपारी भाकरतुकडा उरकून बायका यायच्या. दुसऱ्या तिघी-चौघींनी घरून आपापली जुनी लुगडी आणली आणि शेजारीच घड्या टाकायला घेतल्या. सोनाबाईने एक घडी मुद्दाम तिरपी टाकली, तर पायऱ्यांचा पंखा झाला. ते पाहून मी तिच्या पाठीत धपकाच घातला. मी आणलेला नमुना बाजूला पडला आणि अंगणात रोज नवा नमुना जन्माला यायला लागला. शिकवायला गेलेली मीच हावरटासारखी सगळ्यांच्या अंगावरून वाकून बघत होते.

आता हे दुसऱ्या गावांना कळवायचं कसं? पायऱ्यांची सूचना मी लिहायला बसले, तर चौथ्या ओळीला माझाच गोंधळ उडाला. मग वाटलं, लिहायचंच कशाला? मी कागदाची लांब पट्टी घेतली, दोन्ही कडांना लाल शाई लावली आणि लुगड्यासारख्याच घड्या टाकल्या. हाच नमुना! उलगडून बघायचा, पुन्हा तसाच दुमडायचा. वाचता येणारीला चालेल, न येणारीलाही चालेल, आणि तुळसाबाईंना आत शिवायला यात काही नाही. सोनाबाईने एकदा उलगडला, एकदा दुमडला आणि "कळलं" म्हणाली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि वाजवल्याही.

एका सकाळी मास्तरांच्या ओळखीच्या शेतात हुरडा खायला गेलो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेली कणसं, तळव्यावर चोळून फुंकर मारायची, आणि गरम कोवळे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात. हौसाही आली होती. आत्या कणसं चोळून पहिला घास तिच्या हातावर ठेवत होत्या, आपण सगळ्यांत शेवटी खात होत्या. हौसा न बघता खात होती, जशा आपण सगळ्याच खातो.

शेवटचा कोपरा

वाकळ पुरी होत आली त्या दुपारी अंगण भरून गेलं होतं. तीन कोपरे बंद झाले, चौथा उघडा ठेवला. तिकडची रीत अशी की शेवटच्या कोपऱ्यातून चिमूटभर ज्वारी आत घालायची आणि मग तो शिवायचा. वाकळीचं पोट भरलेलं असलं की ती पांघरणाऱ्या लेकीचंही भरलेलं राहतं, असं बायकांनी मला सांगितलं. दाणे घालायचे ते आईने.

सुया थांबल्या. आत्या उठून उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोनाबाई, तू सवाशीन हायस. तू घाल दानं."

सोनाबाईने सुपातले दाणे उचलले खरे, पण हात पुढे करेना.

हौसा उठली. माझ्या पिशवीत हात घालून तिने कात्री काढली. ती सरळ उंबऱ्याशी गेली, आत्यांचा पदर धरला आणि कचाकच त्याच्या मधूनच तळहाताएवढा तुकडा कापला.

"अगं ए! येडी का खुळी? नेसूचं हाय माझं!" आत्या ओरडल्या.

हौसा परत आली, तो विटका निळा तुकडा तिने हिरव्या लुगड्याच्या उघड्या कोपऱ्यावर बसवला, बोटाने दाबून सारखा केला आणि सुईत दोरा ओवून आत्यांच्या पुढे धरला.

"टाक दानं. शीव."

"माझा हात नगं गं त्याला. रांडमुंड बाई मी. लगनाची वाकळ हाय."

"आईच टाकती म्हनं दानं," हौसा म्हणाली. "मंग टाक की."

आत्या उंबऱ्यावरच खाली बसल्या. वाकळ उचलून सोनाबाईने आणि मी ती त्यांच्या मांडीवर आणून ठेवली. सोनाबाईने आपल्या मुठीतली ज्वारी त्यांच्या मुठीत ओतली, आणि कोणीही शास्त्र काढलं नाही. आत्यांनी दाणे टाकले. मग त्या शिवायला लागल्या. आयुष्यभर बारीक टाका घालणाऱ्या बाईचे टाके त्या कोपऱ्यावर मात्र वाकडेतिकडे, मोठे मोठे पडले, कारण डोळ्यांना दिसतच नव्हतं. मला तरी कुठे दिसत होतं? मी इतकी खूष होते आणि इतकी रडत होते की कमलने मला बाजूला नेऊन पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पिशवीत कागदावर उतरवलेला सोनाबाईचा पंखा, मला म्हणून दिलेला हुरडा, आणि दुमडलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा. आत्या मोटारतळापर्यंत आल्या. वाऱ्यावर पदर उडाला तेव्हा त्यातलं ते चौकोनी भोक दिसलं, कडांचे धागे सुटलेले. शिवण शिकवणारीच्या डोळ्यांना ते खुपलं. मोटार सुटायला वेळ होता, आणि सुई-दोरा माझ्याकडे असतोच.

"आत्या, द्या इकडे. दोन मिनिटांत ठिगळ लावते."

त्यांनी पदर ओढून घेतला आणि भोक असलेला भाग पुढे, छातीवर आणून नीट पसरला.

"नगं बाई. ऱ्हाऊ द्या तसंच," त्या म्हणाल्या. "ते कुठं गेलंय ते मला ठावं हाय."